ड्युअल-स्पोर्ट बाईकला बाहेरचे पार्ट लावताना: सुरुवात कुठून करायची आणि शेवटी काय ठेवायचं

ड्युअल-स्पोर्ट गाडी घरी आली की आठवड्याभरात हात शिवशिवायला लागतात. रात्री झोपायच्या आधी मोबाईलवर सायलेन्सर, फॉग लाईट, बॅगा बघत बसायचं आणि मग जे सगळ्यात जास्त दिसतं, आवाज करतं, ते आधी मागवायचं. मीही हेच केलं होतं. आधी सायलेन्सर, मग लाईट, मग रॅक, आणि जी वस्तू आधी लागणार होती ती, म्हणजे इंजिनखालची प्लेट, ती लावलीच नव्हती, एका ओढ्यात दगड खालून आदळला आणि इंजिनच्या केसला बारीक तडा जाऊन ऑइल गळायला लागलं. त्या दिवसापासून माझा क्रम ठरलेला आहे आणि तो मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. आधी गाडी तुम्हाला घरी परत आणेल असं बघायचं, मग ती तुमच्या अंगाला बसवायची, मग सस्पेन्शन, मग गिअरिंग, मग वायरिंग आणि सामान, आणि इंजिनला हात लावायचाच असेल तर सगळ्यात शेवटी.

ही गाडी मुळातच तडजोडीची असते. डांबरावरही चालली पाहिजे, मातीतही, नंबरप्लेटही हवी. कंपनी ती बनवताना मधल्या वजनाचा माणूस, मधला रस्ता, मधली किंमत धरते. तुमचं वजन ५५ किलो असो नाहीतर ९५, स्प्रिंग तीच येते. म्हणून पार्ट बदलायचे ते ही तडजोड आपल्या बाजूला थोडी सरकवण्यासाठी, आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या बाजूचं काहीतरी सोडावं लागतं हे आधीच कबूल करून ठेवा.

पार्ट मागवायच्या आधी

पहिले ५०० ते १००० किलोमीटर गाडी जशी आली तशी चालवा. खरंच चालवा, आणि वहीत किंवा मोबाईलमध्ये लिहीत जा, कुठे हात दुखले, उभं राहिल्यावर कंबर वाकते का, खड्ड्यात पुढचा फोर्क तळाला आदळतो का, कुठल्या गिअरमध्ये गाडी गुदमरते, रात्री किती लांबचं दिसतं. हे टिपण नसेल तर तुम्ही दुसऱ्याच्या गाडीचा त्रास स्वतःच्या पैशाने दुरुस्त करत बसता.

मग आपल्या मॉडेलची नेमकी दुखणी शोधा, कारण प्रत्येक गाडीचं एखादं तरी ठरलेलं असतं. जुन्या कावासाकी केएलआर ६५० मध्ये बॅलन्सरच्या (इंजिनची थरथर कमी करणाऱ्या भागाच्या) चेनला ताण देणारा लिव्हर आणि त्याची स्प्रिंग हा कच्चा दुवा, मालक लोक त्याला डूहिकी म्हणतात आणि बाहेरचा मजबूत लिव्हर बसवून घेतात. सुझुकी डीआर ६५० मध्ये न्यूट्रलच्या स्विचचे आतले दोन छोटे स्क्रू ढिले होऊन इंजिनमध्ये पडू शकतात, ते काढून थ्रेडलॉक (बोल्ट ढिला होऊ न देणारा गोंद) लावून परत बसवणं हे काम लोक सायलेन्सरच्या आधी करतात आणि बरोबर करतात. होंडा सीआरएफ ३००एल चं इंजिन अगदी बिनतक्रार, पण सस्पेन्शन मऊ. म्हणजे तीन गाड्या, तीन वेगळ्या पहिल्या पायऱ्या. दिसायला यातलं काहीच दिसत नाही, पण गाडी रानात बंद पडणार की नाही ते इथेच ठरतं.

आणखी दोन गोष्टी. सर्व्हिस मॅन्युअल मिळवा, त्यातला टॉर्कचा, म्हणजे कुठला बोल्ट किती जोराने आवळायचा त्याचा, तक्ता छापून भिंतीला लावा आणि एक बऱ्यापैकी टॉर्क रेंच घ्या. आणि काढलेला प्रत्येक मूळ पार्ट त्याच्या नटबोल्टसकट पिशवीत घालून, वर नाव लिहून ठेवून द्या. गाडी विकताना, वॉरंटीच्या वेळी किंवा नवा पार्ट पटला नाही तर तो लागतोच.

नियमांचं एकदाच सांगतो. लाईट, सायलेन्सर, इंडिकेटर, नंबरप्लेटची जागा, टायरची साईझ यांचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात, विम्याच्या अटीही असतात. खरेदीच्या आधी आपल्याकडे काय चालतं ते वाचा, नंतर नाही.

पायरी १: टायर

एकाच बदलाचे पैसे असतील तर टायर बदला, बाकी काहीही नाही. मातीत गाडीचं वागणं जेवढं टायरने बदलतं तेवढं दुसऱ्या कशानेच बदलत नाही.

आधी स्वतःला खरं उत्तर द्या, आपलं १०० पैकी किती किलोमीटर डांबरावर जातं. टायरवाले ८०/२०, ५०/५० अशी भाषा वापरतात, पहिला आकडा डांबराचा. आठवडाभर ऑफिसला जाऊन महिन्यातून एकदा डोंगरात जाणाऱ्याने पूर्ण नॉबी, म्हणजे मोठ्या गुट्ट्यांचा, टायर घातला तर तो लवकर झिजणार, वळणात गुळगुळ हलणार आणि ओल्या डांबरावर ब्रेक मारल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर घेणार, कारण रस्त्याला रबरच कमी टेकतंय. अशा माणसाला ५०/५० टायर पुरतो. ज्यांचा सगळा जीव चिखलात आणि वाळूतच आहे त्यांनीच टीकेसी ८० किंवा डी६०६ सारख्या मोठ्या गुट्ट्यांच्या टायरकडे जावं. पुढे जास्त गुट्ट्यांचा आणि मागे जरा रस्त्याकडे झुकणारा ही जोडीही चांगली चालते, कारण मातीत पुढचं चाक घसरलं की सावरणं कठीण, मागचं घसरलं तर गाडी बहुतेक वेळा सावरता येते.

साईझ मूळचीच ठेवा. मागे रुंद टायर घातला की गाडी भारदस्त दिसते खरी, पण टायर चेनला किंवा स्विंगआर्मला (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला) घासू शकतो, रिमवर नीट बसत नाही, वळायलाही जड होते. बाजूच्या भिंतीवरचा लोड आणि स्पीडचा कोड बघा. अक्षरात पी म्हणजे १५० किमी, क्यू १६०, आर १७०, एस १८०, टी १९०. सामान आणि मागे माणूस घेऊन हायवेवर जाणार असाल तर लोडचा आकडा मूळ टायरपेक्षा खाली जाऊ देऊ नका. नवा टायर पहिले शंभरएक किलोमीटर जपून, वरचा गुळगुळीतपणा जाईपर्यंत वळणात झोपवायचा नाही.

ट्यूबचा टायर असेल तर जाड ट्यूब घाला. हवा कमी करून मातीत चाललात की दगडावर रिम आणि दगड यांच्यात ट्यूब चिमटली जाते आणि दोन शेजारी शेजारी भोकं पडतात, जाड ट्यूब तिथे थोडा टिकाव धरते. हवेचं म्हणाल तर डांबरावर मॅन्युअलमधला आकडा, मातीत हलक्या २५०-३०० सीसीच्या गाडीला १८ ते २० पीएसआयपासून सुरुवात करा, जड गाडीला आणि सामान असेल तर २२ ते २५. फार दगड असतील तर वरच रहा. त्याहून खाली जायचं असेल तर रिमलॉक (टायरला आतून रिमवर दाबून धरणारा क्लॅम्प) लावा, नाहीतर टायर रिमवर फिरतो आणि वॉल्व्ह मुळातून फाटतो. एक छोटी सवय लावून घ्या, वॉल्व्हचं नट रिमला घट्ट आवळू नका, वर टोपीला टेकवून ठेवा, मग ट्यूब सरकायला लागली की वॉल्व्ह तिरका दिसतो आणि फाटायच्या आधी कळतं. आणि हवा काढली म्हणजे परत भरायला पंप जवळ हवाच, कमी हवेवर हायवेला जायचं नाही, टायर तापतो.

पायरी २: गाडी पडणार आहे

हे धरूनच चाला. ड्युअल-स्पोर्ट उभी असतानाही पडते, चढावर वळवताना पडते, आणि पडल्यावर काय तुटतं त्यावर पुढचा दिवस ठरतो. क्लच लिव्हर, ब्रेक लिव्हर, गिअर लिव्हर, रेडिएटर, इंजिनचा केस. संरक्षण याच यादीचं करायचं.

इंजिनखाली स्किड प्लेट. ३ ते ५ मिलिमीटरचं अॅल्युमिनियम असतं किंवा जाड प्लॅस्टिकची येते. अॅल्युमिनियम दगडावर घासून पुढे सरकतं आणि मार चांगला खातं, पण इंजिनचा आवाज घुमवतं, प्लॅस्टिक शांत असतं आणि वाकून परत जागेवर येतं. घेताना तीन गोष्टी बघा. ती इंजिनला नाही तर फ्रेमला बसते का, ऑइल काढायचं बोल्ट प्लेट न काढता उघडता येतं का, आणि चिखल बाहेर पडायला भोकं आहेत का. कारण प्लेटच्या आत चिखल साचून वाळला की तो तिथे विटेसारखा बसतो आणि इंजिनची गरमी धरून ठेवतो. धुताना पाईप आत घालून धुवा. घुमणारा आवाज नको असेल तर आतून उष्णता सहन करणाऱ्या फोमचे तुकडे चिकटवतात, पण सायलेन्सरच्या पाईपपासून लांब.

हँडगार्ड दोन प्रकारचे. एक नुसते प्लॅस्टिकचे, ते वारा, पाऊस, फांद्या अडवतात आणि पडल्यावर काहीच वाचवत नाहीत. दुसरे आतून अॅल्युमिनियमचा बार असलेले, हँडलला दोन्ही टोकांना पकडणारे. हेच घ्या. बसवताना लिव्हर पूर्ण दाबून बघा बारला लागत नाही ना, आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा की ब्रेकचा होज आणि केबल कुठे दाबली जात नाही. शिवाय क्लच आणि ब्रेकचे क्लॅम्प हँडलवर पूर्ण आवळायचे नाहीत, हाताने जोर लावला की फिरतील पण चालवताना हलणार नाहीत इतपत ठेवा. गाडी पडली की लिव्हर तुटण्याऐवजी फिरतो. तरीसुद्धा जादाचे दोन लिव्हर सोबत असू द्या.

पाण्याने थंड होणारी गाडी असेल तर रेडिएटरला जाळी नाही, बाजूने आधार देणारा गार्ड हवा. जाळी दगड अडवते, पण गाडी आडवी पडल्यावर रेडिएटर पिळवटतो तो बाजूच्या दणक्याने. जाळी फार बारीक असेल तर चिखलाने भरून इंजिन तापतं, हेही बघा. मागच्या ब्रेकच्या मास्टर सिलिंडरचं छोटं झाकण, पुढच्या स्प्रॉकेटजवळ (चेनच्या दातेरी चक्राजवळ) केस वाचवणारा गार्ड, असले पार्ट स्वस्त असतात, दिसत नाहीत आणि उपयोगी पडतात.

पायरी ३: बसणं आणि उभं राहणं

मातीत निम्मा वेळ उभं राहूनच जातो म्हणून मापही उभं राहून घ्यायचं. गाडी कोणाला तरी धरायला सांगा, डोळे मिटून फूटपेगवर उभे रहा, गुडघे थोडे वाकलेले, कोपरं बाहेर, आणि हात जिथे आपसूक येतात तिथे हँडल आहे का ते बघा. हात खाली वाकून जात असतील तर रायझर, म्हणजे हँडल वर उचलणारे ठोकळे. साधारण २० ते ३० मिलिमीटर पुरतात, त्याहून वर गेलात तर थ्रॉटलची केबल, क्लचची केबल आणि ब्रेकचा होज कमी पडायला लागतो. बसवल्यावर इंजिन चालू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवा, आरपीएम वाढला तर केबल ताणली जातेय, तशी गाडी रस्त्यावर न्यायची नाही.

हँडल बदलायचं असेल तर मधला व्यास बघा, साधं २२ मिलिमीटरचं आणि जाड २८.६ चं. टोकाला दोन्ही सारखेच असतात म्हणून ग्रिप आणि लिव्हर तेच बसतात, क्लॅम्प मात्र वेगळा लागतो. जाड हँडल पडल्यावर सहज वाकत नाही.

फूटपेग रुंद घ्या. मूळचे अरुंद असतात आणि तासभर उभं राहिलं की तळव्याला रेघ उठते. पेग खाली घेतलात तर ब्रेक आणि गिअरचा लिव्हरही त्याच मापाने खाली घ्यायला लागतो हे लोक विसरतात आणि मग बूट घातल्यावर गिअरच पडत नाही.

उंची कमी असणाऱ्यांना सगळ्यात आधी मागच्या लोअरिंग लिंकचा (मागची बाजू खाली आणणाऱ्या जोडपट्टीचा) सल्ला मिळतो. मी जरा थांबायला सांगेन. लिंकने मागची बाजू खाली येते, म्हणजे जमिनीपासूनची उंची कमी, साईड स्टँड लांब वाटायला लागून गाडी सरळ उभी राहते आणि वाऱ्याने पडते, हँडल जड होतं, आणि पूर्ण दबल्यावर टायर मडगार्डला लागू शकतो. करायचंच असेल तर पुढचे फोर्कही क्लॅम्पमधून त्याच प्रमाणात वर सरकवा, स्टँड कापून घ्या, आणि स्प्रिंग काढून चाक पूर्ण वर दाबून टायर कुठे लागतो का बघा. आधी सीटचा फोम कमी करून, जाड तळव्याचे बूट घालून बघा, आणि एकच पाय टेकवून गाडी धरायचा सराव करा. बऱ्याच लोकांचं तेवढ्यात भागतं.

पायरी ४: सस्पेन्शन, आणि इथे घाई नको

या भागाला जेवढा वेळ द्याल तेवढा कमीच. लोक हजारो रुपये पार्टवर घालतात आणि ज्याला एक टेप आणि दोन मित्र पुरतात ते माप घेत नाहीत. ते माप म्हणजे सॅग, वजनाने गाडी सस्पेन्शनवर किती खाली बसते ते.

मागचं कसं मोजायचं ते सांगतो. गाडी स्टँडवर घ्या, मागचं चाक हवेत लोंबकळलं पाहिजे. एक्सलच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डवर किंवा फ्रेमवर एक खूण करा, तिथपर्यंत अंतर मोजा. समजा ६०० मिलिमीटर आलं. आता गाडी चाकांवर उभी करा, नुसती, कोणी बसलेलं नाही, मागची बाजू दोनचार वेळा दाबून सोडा आणि परत मोजा. समजा ५७५. म्हणजे गाडी स्वतःच्या वजनाने २५ मिलिमीटर बसली. मग हेल्मेट, बूट, जॅकेट, पाण्याची पिशवी, जे घालून जाता ते सगळं घालून तुम्ही बसा, एकाने पुढून गाडी सरळ धरायची, एकाने मोजायचं. समजा ५२० आलं, म्हणजे एकूण ८० मिलिमीटर बसली. सस्पेन्शनचा ट्रॅव्हल, म्हणजे चाक वरखाली जायचं एकूण अंतर, २६० असेल तर ८० म्हणजे साधारण ३१ टक्के. तुमच्यासकट २८ ते ३३ टक्के हा चांगला पट्टा. पुढचं मोजताना हीच पद्धत, फोर्कचा एक्सल आणि वरचा क्लॅम्प यांच्यात.

माप ११० आलं तर प्रीलोडची (स्प्रिंग आधीच दाबून ठेवणारी) रिंग आवळायची, ५० आलं तर ढिली करायची. पण खरं गमक पुढे आहे. प्रीलोड आवळून तुमच्यासकट माप ८० वर आणलंत, आणि आता परत रिकाम्या गाडीचं माप घेतलं तर ते ३-४ मिलिमीटरच येतंय, म्हणजे गाडी स्वतःच्या वजनाने जवळजवळ बसतच नाही. हे बघून बहुतेकांना वाटतं स्प्रिंग कडक आहे. उलट आहे. स्प्रिंग तुमच्या वजनाला मऊ पडतेय, म्हणून तिला आधीच इतकं दाबून ठेवावं लागलं. तिथे एक नंबर कडक स्प्रिंग घ्यायची. आणि तुमच्यासकट माप बरोबर असून रिकामी गाडी ४०-५० मिलिमीटर बसत असेल तर स्प्रिंग तुमच्यासाठी जास्त कडक आहे. मी हे पहिल्यांदा समजून घेतलं तेव्हा कित्येक दिवसांचा गोंधळ एका संध्याकाळी सुटला, मागचा शॉक नवा घेणार होतो, नुसती स्प्रिंग बदलून काम झालं.

स्प्रिंग मागवताना कपड्यांसकट वजन द्या, आणि नेहमी सामान घेऊन फिरत असाल तर सामानाचंही. पुढच्या फोर्कच्या दोन्ही स्प्रिंग एकत्र बदला, ऑइल नवं घाला. ऑइलची पातळी स्प्रिंग बाहेर काढून, फोर्क पूर्ण दाबून, वरच्या कडेपासून मोजतात, मॅन्युअलमध्ये आकडा असतो. पातळी वाढवली की शेवटच्या टप्प्यात फोर्क कडक होतो, कारण वरची हवा दाबली जाते, म्हणून तळाला आदळत असेल तर ५ मिलिमीटरने वाढवून बघता येतं. साध्या डॅम्पिंग रॉडच्या फोर्कमध्ये इम्युलेटर म्हणून वॉल्व्ह घालता येतात, हळू धक्का आणि जोरात धक्का यात फोर्क फरक करायला लागतो. मागच्या मोनोशॉकमध्ये मात्र दाबाखाली नायट्रोजन असतो, तो घरी उघडायचा नाही, सस्पेन्शनच्या माणसाकडेच द्यायचा.

क्लिकर (सस्पेन्शनची हालचाल कमीजास्त करणारे स्क्रू) असतील तर आधी पूर्ण बंद करून किती क्लिक होते ते मोजून लिहा, मग एका वेळी एकच, दोन क्लिकने. तोच रस्ता, तोच वेग, परत परत. गाडी उडी मारल्यावर घोड्यासारखी मागून उसळत असेल तर रिबाउंड (दबलेली स्प्रिंग परत वर येताना तिला लागणारा आवर) वाढवा. लागोपाठच्या खाचांवर मागची बाजू खाली खाली बसत जात असेल तर रिबाउंड जास्त झालाय, चाकाला परत यायला वेळच मिळत नाही.

काही गाड्यांना कंपनीच जास्त ट्रॅव्हलचा प्रकार देते. हिरो एक्सपल्स २०० ४व्ही च्या प्रो मॉडेलमध्ये पुढे २५० आणि मागे २२० मिलिमीटर ट्रॅव्हल आहे, साध्या मॉडेलला १९० आणि १७०. सीटही तेवढीच वर जाते, तेव्हा आधी बसून बघा.

पायरी ५: स्प्रॉकेट

स्वस्तातला सगळ्यात मोठा फरक. हिशोब सोपा, मागचे दात भागिले पुढचे दात. १४ आणि ४२ असेल तर ३.०. पुढे १३ घातलं तर ४२ भागिले १३ म्हणजे ३.२३, जवळपास पावणेआठ टक्क्यांनी गिअर छोटे झाले. हळू चालायचं, चढ चढायचा, दगडातून रांगत जायचं तर गाडी गुदमरत नाही आणि क्लच कमी जळतो. बदल्यात हायवेवर त्याच वेगाला इंजिन जास्त फिरतं. पुढचा एक दात म्हणजे मागचे साधारण तीन दात, त्यामुळे बारीक फरक हवा असेल तर मागचं बदला.

पुढचं फार छोटं करू नका, चेन तीव्र वळते, लवकर झिजते, आणि काही गाड्यांमध्ये स्विंगआर्मवरच्या रबराला घासायला लागते. मागचं मोठं घातलं तर चेनच्या कड्या वाढवायला लागू शकतात. चेनचा पिच, म्हणजे कड्यांचं माप, बघून घ्या, ४२८ आणि ५२० एकमेकांना चालत नाहीत. जुनी ताणलेली चेन नव्या स्प्रॉकेटवर चढवू नका, तिघांचा सेट एकत्र. चेनचा ढिलेपणा मॅन्युअलप्रमाणे आणि मापायचा तो जिथे चेन सगळ्यात ताठ होते त्या जागी, कारण ताठ चेन गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग खाते. गाडीचा स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून वेग घेत असेल तर आकडा चुकायला लागेल, पुढच्या चाकावरून घेत असेल तर काही फरक नाही.

पायरी ६: वायरिंग

आधी वॅटचा हिशोब. गाडी किती वॅट तयार करते ते मॅन्युअलमध्ये बघा, हेडलाईट, पेट्रोलचा पंप, इग्निशन यांचं वजा करा, जे उरतं त्यात तुमच्या वस्तू बसवायच्या. ३६ वॅटचे एलईडी १२ व्होल्टवर ३ अँपिअर घेतात. गरम ग्रिप ३० ते ४० वॅट. शिवाय मोबाईलचा चार्जर. सगळं चालू करून बॅटरीवर मीटर लावा, चालत्या आरपीएमला साडेतेरा व्होल्टच्या आसपास किंवा वर असलं पाहिजे, तेराच्या खाली उतरत असेल तर बॅटरी हळूहळू रिकामी होतेय.

लाईट कधीही मूळ स्विचच्या वायरला थेट जोडू नका. बॅटरीच्या प्लसच्या शक्य तितक्या जवळ फ्यूज, मग रिले (बारीक वायरच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालूबंद करणारा स्विच), आणि रिलेला चालू करणारी बारीक वायर टेललाईटवरून. म्हणजे चावी काढली की सगळं बंद, विसरून बॅटरी उतरणार नाही. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो, ३ अँपिअरच्या लाईटला ५ चा पुरतो, उडतो म्हणून १५ चा घालायचा नाही, का उडतोय ते शोधायचं.

जोड चांगल्या क्रिंपने करा आणि वर हीट श्रिंक. वायर नुसत्या पिळून टेप गुंडाळली की पहिल्या पावसात आत हिरवा गंज धरतो. आणि हँडलच्या मानेजवळ वायरला सैल वळसा द्या. माझ्या गाडीला ती तिथे ताठ बसवलेली होती, हजारो वेळा हँडल वळून आतली तार तुटली आणि वरचं आवरण शाबूत, त्यामुळे रात्री लाईट कधी चालू कधी बंद, आणि दोष सापडायला दोन दिवस गेले.

पायरी ७: सामान आणि पेट्रोल

या गाड्यांची मागची फ्रेम बारीक असते. रॅक घेण्याआधी मॅन्युअलमध्ये वजनाची मर्यादा बघा, भरलेली बॅग घरच्या वजनकाट्यावर ठेवा. मातीत जाणार असाल तर मऊ बॅगाच, पत्र्याच्या पेट्या पडल्यावर पायावर येतात, पाय अडकतो. जड वस्तू खाली आणि पुढे, सीटच्या जितक्या जवळ तितकं बरं, हलके कपडे मागे. सायलेन्सरच्या बाजूला उष्णतेचा पत्रा लावा, आणि बॅग दाबून बघा, उभ्या गाडीत लांब दिसणारी बॅग खड्ड्यात टेकते. बॅग बांधून झाली की सॅग परत मोजा.

पेट्रोलची टाकी मोठी घ्यायची की नाही हे मूळ टाकीवर आहे. ७.८ लिटरच्या सीआरएफ ३००एल ला मोठी टाकी समजू शकतो, जुन्या केएलआर ६५० ला २३ लिटर आधीच आहे. आणि मोठी टाकी म्हणजे पूर्ण भरल्यावर वरच्या बाजूला आणखी काही किलो, मातीत जाणवतात. महिन्यातून एखाद्या लांब रस्त्यासाठी पेट्रोल नेण्यासाठीच बनवलेला जादा कॅन पुरतो.

पायरी ८: सायलेन्सर आणि इंजिन

थोडक्यात. बाहेरचा सायलेन्सर वजन कमी करतो, हे खरं आणि चांगलं. ताकद मात्र फार वाढत नाही, आणि हवा व पेट्रोलचं गणित बदलतं. कार्ब्युरेटर असेल तर जेट बदलायला लागतात, इंजेक्शन असेल तर मॅपिंग (कॉम्प्युटरमधलं पेट्रोलचं प्रमाण), नाहीतर इंजिनला पेट्रोल कमी पडून ते गरम चालतं. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर मला स्वतःला रानात नको वाटतो, गावातले लोक आणि जनावरं बिथरतात आणि मग तो रस्ताच सगळ्यांसाठी बंद होतो. वाळलेल्या गवतातून जाणार असाल तर ठिणगी अडवणारी जाळी आत असलेलाच घ्या. एअर फिल्टरवर मात्र पैसे घाला, धुता येणारा ऑइल लावायचा फोमचा फिल्टर धुळीत खूप उपयोगी, पण धूळ असेल तर तो वेळच्या वेळी धुवायचा, सुकवायचा, परत ऑइल लावायचं आणि कडेला ग्रीस. कडेने आत गेलेली धूळ पिस्टन खाते.

बोल्ट आणि तपासणी

ढिले होऊ शकतात अशा बोल्टना निळा, मध्यम ताकदीचा थ्रेडलॉक, लाल नको, तो तापवल्याशिवाय सुटत नाही. स्टीलचा बोल्ट अॅल्युमिनियममध्ये जाणार असेल आणि वारंवार उघडायचा असेल तर त्याला थोडं अँटीसीझ (बोल्ट जाम होऊ न देणारं ग्रीससारखं मलम) लावा, पण मग टॉर्क जरा कमी ठेवा. आवळून झाल्यावर बोल्ट आणि पार्ट यांच्यावरून पेंट मार्करने एक रेघ ओढा, रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरलाय. नवा पार्ट लावल्यावर पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर सगळे परत बघा. रॅकचे तर दर राईडनंतर.

एका वेळी एकच बदल करा आणि मध्ये किमान एक पूर्ण दिवस गाडी चालवा. तीन पार्ट एकत्र लावले आणि हँडल थरथरायला लागलं तर कोणामुळे ते कळत नाही.

शेवटचं काम घरच्या अंगणात करायचं. बॅगेत नेणार तेवढ्याच पान्यांनी दोन्ही चाकं काढा, एक ट्यूब बदला, चेन काढून परत लावा, स्किड प्लेट सोडवा. नव्या पार्टमुळे बोल्टांची डोकी बदललेली असतात, कुठे ५ चा एलन, कुठे टॉर्क्स, आणि कंपनीच्या टूलकिटमध्ये ते नसतात. जो पाना घरातल्या पेटीतून उठून आणावा लागला तो बॅगेत टाका, आणि ज्याला एकदाही हात लागला नाही तो घरी ठेवा. पंप आणि पॅच मात्र हात लागला नसला तरी बॅगेतच राहू द्या.